कशाला गेला होता तिथे?

आमच्या सदाशिव पेठेत कोणाचा मुलगा परदेशी निघाला की जिन्यात, दुधाच्या केंद्रावर, नागनाथपाराच्या कोपऱ्यावर एकच चौकशी सुरू होते. पगार किती, कंपनी कोणती हे नंतर. आधी विचारतात, ‘‘कुठे?’’ देशाचे नाव ऐकले की ऐकणाऱ्याचा चेहरा ठरतो. इंग्लंड, जर्मनी, सिंगापूर म्हटले की ‘‘वा, छान झालं!’’ इराक, येमेन, नायजेरिया म्हटले की ‘‘अगंबाई, तिथे? जपून हो.’’ आणि काश्मीर म्हटले की उत्तर त्या वर्षीच्या बातम्यांवर अवलंबून असते.

यात वावगे काही नाही. काळजी करणे हा शेजारधर्मच आहे. पण पुढे काही विपरीत घडले, तो माणूस पळवला गेला, ओलीस धरला गेला, तर याच चौकशीचे रूप बदलते. ‘‘कुठे?’’च्या जागी ‘‘कशाला?’’ येते. ‘‘सगळं जग सांगतंय तिकडे जाऊ नका, मग हा कशाला गेला होता तिथे?’’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते. आपण असे करणार नाही, म्हणून आपल्याला असे होणार नाही, एवढाच दिलासा त्याला हवा असतो. मात्र ज्या घरातला माणूस बेपत्ता आहे, त्या घराच्या उंबऱ्याआत हे वाक्य गेले की त्याचा अर्थ ‘चूक तुमचीच’ असा होतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला लांब जायला नको. पेठेतून बाहेर पडावे, नवी पेठ ओलांडून नदीकडे जावे आणि पुलावर क्षणभर थांबावे. (थांबू देत असतील तर. संध्याकाळी लग्नाची तिथी असली की पलीकडच्या डी. पी. रस्त्यावरच्या मंगल कार्यालयांना निघालेल्या मोटारी थांबू देत नाहीत.) हा म्हात्रे पूल. रोज हजारो पुणेकर यावरून एरंडवण्यात जातात आणि परत येतात. हे म्हात्रे कोण, असे विचारून पाहा. कोणी नगरसेवक सांगेल, कोणी पूल बांधणारे इंजिनिअर सांगेल, कोणी ‘‘असतील कोणीतरी जुने’’ म्हणून गाडीचा हॉर्न वाजवील.

रवींद्र हरेश्वर म्हात्रे हे परराष्ट्र सेवेतले अधिकारी होते. १९८४ साली ते इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमच्या भारतीय कार्यालयात काम करीत होते. वय ४८. शुक्रवार, ३ फेब्रुवारी १९८४. कचेरी सुटल्यावर ते बसने घरी निघाले. मुलीचा वाढदिवस होता, त्यासाठीचा केक बरोबर होता. बसमधून उतरून ते घराकडे चालू लागले आणि घरी पोहोचलेच नाहीत.

त्यांना पळवले होते ‘काश्मीर लिबरेशन आर्मी’ असे नाव घेतलेल्या टोळीने. वृत्तसंस्थेकडे पत्र आले. १० लाख पौंड द्या, आणि दिल्लीच्या तिहार तुरुंगात फाशीच्या सावलीत असलेल्या मकबूल बटला त्याच्या साथीदारांसह सोडा. मुदत अगदी थोडी होती. पैशाची मागणी असती तर काही वाटाघाटी तरी झाल्या असत्या. कैद्यांची मागणी कोणत्याही सरकारला एका रात्रीत मान्य करता येण्यासारखी नसते. तीन दिवसांच्या आत म्हात्र्यांचा मृतदेह लेस्टरशायरमधल्या एका आडरस्त्यावर सापडला. त्यांना गोळ्या घातल्या होत्या. ११ फेब्रुवारीला मकबूल बटला तिहारमध्ये फाशी देण्यात आले. म्हणजे एकाला सोडवण्यासाठी दुसऱ्याला पळवले आणि आठ-नऊ दिवसांत दोघेही गेले. पुढच्या वर्षी इंग्लंडच्या न्यायालयात दोघांना शिक्षा झाल्या. पुण्यात एका पुलाला नाव मिळाले.

आता विचारा तो प्रश्न. म्हात्रे कशाला गेले होते तिथे? सरकारने पाठवले म्हणून. आणि ‘तिथे’ म्हणजे कुठे? ज्या देशाचे नाव ऐकून आपण ‘‘वा, छान झालं’’ म्हणतो, त्या देशात. भर वस्तीत, बसथांब्याजवळ. त्या काळात बर्मिंगहॅमला निघालेल्या माणसाला कोणत्या आजीने ‘‘जपून रे’’ म्हटले असेल, तर ते थंडीबद्दल.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या काश्मीरच्या नावाने हे घडले, ते काश्मीर त्या वर्षांत आपल्या दृष्टीने देशातले सर्वांत सुखाचे ठिकाण होते. लग्न झालेली जोडपी पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने जम्मूला जात आणि पुढे बसने श्रीनगर गाठत. दल सरोवरातल्या शिकाऱ्यात बसून, काश्मिरी पोशाख भाड्याने घालून काढलेला फोटो पेठेतल्या कितीतरी घरांत भिंतीवर असे. १९८३ साली आलेल्या ‘बेताब’ चित्रपटाचे चित्रीकरण पहलगामजवळच्या ज्या खोऱ्यात झाले, त्या खोऱ्याला पुढे त्या चित्रपटाचेच नाव पडले. म्हणजे संकट काश्मीरचे आणि बळी बर्मिंगहॅममध्ये, आणि त्याच सुमारास खुद्द काश्मीरमध्ये आपली माणसे केशर आणि अक्रोड यांची घासाघीस करीत होती. भीतीचा नकाशा आणि धोक्याचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहिले तर रेषा जुळत नाहीत, त्या अशा.

पुढे त्या रेषा सरकल्या. नोव्हेंबर १९८९ मध्ये, मकबूल बटला पूर्वी फाशीची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश नीलकंठ गंजू यांची श्रीनगरात हत्या झाली. डिसेंबरात तेव्हाच्या केंद्रीय गृहमंत्र्यांच्या मुलीचे, रुबैया सईद यांचे अपहरण झाले आणि कैदी सोडून त्यांना परत आणावे लागले. पुण्याच्या सहली कुलू-मनालीकडे वळल्या. जुलै १९९५ मध्ये पहलगामच्या वरच्या डोंगरांत पदभ्रमण करणाऱ्या सहा परदेशी पाहुण्यांना ‘अल फरान’ नावाच्या गटाने पळवले. दोन अमेरिकन, दोन ब्रिटिश, एक जर्मन, एक नॉर्वेजियन. मागणी पुन्हा कैद्यांचीच, त्यांत मसूद अझरचे नाव होते. एक अमेरिकन निसटला. नॉर्वेच्या तरुणाचा ऑगस्टमध्ये शिरच्छेद करण्यात आला. उरलेले चौघे कोठे गेले, हे त्यांच्या घरच्यांना आजही निश्चित कळलेले नाही. आणि मसूद अझर? डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान पळवून कंदाहारला नेले गेले, तेव्हा त्यातल्या प्रवाशांच्या बदल्यात तो सुटला. त्या प्रवाशांपैकी कोणालाही कोणी ‘‘काठमांडूला कशाला गेला होतात?’’ असे विचारू शकले असते काय? पशुपतिनाथाचे दर्शन आणि थोडी खरेदी, यासाठी अर्धा भारत तिथे जातो.

मग काश्मीर पुन्हा शांत वाटू लागले, पुण्याच्या सहली पुन्हा सुरू झाल्या आणि २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरन पठारावर २६ माणसे मारली गेली. त्यांत महाराष्ट्राचे सहा, त्यांपैकी दोघे आपल्या पुण्याचे. त्यांतच पर्यटकांना घोड्यावरून वर नेणारा एक स्थानिक तरुणही होता. पोटासाठी रोज तिथे जाणारा. त्या आठवड्यातही ‘‘कशाला गेले होते?’’ हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले. ऐकवणाऱ्यांपैकी एक गृहस्थ स्वतः आदल्याच वर्षी सहकुटुंब जाऊन आले होते. त्यांनी आणलेले अक्रोड आम्हीही खाल्ले होते.

मी आयुष्याची तीसपेक्षा जास्त वर्षे बँकेत काढली. कथा-कादंबऱ्या सुटीच्या दिवशी, जोखमीचा विचार मात्र रोज दहा ते पाच. बँकेत भीती आणि जोखीम हे दोन वेगळे शब्द आहेत. कर्जाचा अर्ज आला की अर्जदाराच्या गावाचे नाव पाहून कपाळाला आठ्या घालणारे अधिकारी असत. ‘‘त्या गावात थकबाकी फार’’ म्हणून अर्ज खाली सरकवायचा. ही झाली भीती. ती फुकट असते, तिला चौकशी लागत नाही. जोखीम मोजायची तर विचारावे लागते : हा माणूस नेमके काय काम करणार? त्याच्यामागे जामीनदार कोण? आणि वाईट वर्ष आले तर त्याच्या घरात खायला काय असेल? बदनाम गावातला एखादा सुतार शेवटच्या हप्त्यापर्यंत कर्ज फेडी आणि चांगल्या गावातला बागायतदार बँकेला दारोदार फिरवी. गावाच्या नावाने थोडे कळते, सगळे कळत नाही.

परदेशी जाणाऱ्या माणसालाही हेच तीन प्रश्न लावून पाहावेत असे मला वाटते. उदाहरणार्थ, खलाशी.

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी मी काही वर्षे होतो. तिथे ‘‘मुलगा बोटीवर असतो’’ असे म्हणणारी खूप घरे. महिन्याच्या ठरावीक तारखेला त्या घरांतल्या बायका काउंटरवर येत आणि पासबुक पुढे करून विचारीत, ‘‘साहेब, आमचे पैसे आले काय?’’ जहाज कुठल्या समुद्रात आहे, हे त्यांना पुष्कळदा माहीत नसे. खात्यात रक्कम जमा झाली म्हणजे नवरा सुखरूप, हा त्यांचा हिशेब. आमचे ते खातेपुस्तक त्यांच्यासाठी खुशालीचे पत्र होते.

आता २८ सप्टेंबर २०१० ची गोष्ट. ‘अस्फाल्ट व्हेंचर’ हे जहाज मोंबासाहून दक्षिणेकडे जात असताना सोमाली चाच्यांनी पकडले. त्यावर १५ भारतीय होते. बोलणी चालली, महिने गेले, एप्रिल २०११ मध्ये खंडणी पोहोचली. चाच्यांनी जहाज सोडले, आठ खलाशी सोडले आणि सात जणांना किनाऱ्यावर ठेवून घेतले. कारण त्याआधीच्या काही महिन्यांत भारतीय नौदलाने समुद्रात शंभराहून अधिक चाच्यांना पकडून मुंबईला आणले होते. आमची माणसे सोडा, मग तुमची सोडू, असा निरोप आला. म्हणजे १९८४ चे बर्मिंगहॅम पुन्हा उभे राहिले. ते सात जण सुटले ऑक्टोबर २०१४ मध्ये, चार वर्षांनंतर.

त्या चार वर्षांत घरी पासबुकाचे काय झाले असेल? चाच्यांच्या त्या काळात खलाशी कैदेत आणि घरचा पगार बंद, अशा कितीतरी कहाण्या बाहेर आल्या. कैदेत असलेला माणूस ‘कामावर’ आहे की नाही, असा कायद्याचा कीस काढला जाई. शेवटी सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारात २०१८ साली दुरुस्ती झाली आणि ती डिसेंबर २०२० पासून लागू झाली : चाच्यांच्या कैदेत असेपर्यंत खलाशाचा नोकरीचा करार चालू समजायचा आणि त्याचा पगार घरी पोहोचत राहायचा. एवढी साधी गोष्ट लिहून घ्यायला इतकी वर्षे लागली. पण लिहिली गेली, हेही कमी नाही. हा खलाशी कशाला गेला होता सोमालियाला? तो सोमालियाला गेलाच नव्हता. तो जहाजावर गेला होता. आपल्या गाडीत पडणारे पेट्रोल ज्या तेलापासून होते, ते ज्या जहाजांतून येते, तशाच एका जहाजावर.

हा झाला ‘जामीनदार कोण’ या प्रश्नाचा धडा. दुसरा धडा इराकचा.

जुलै २००४ मध्ये इराकमध्ये ट्रक चालवणाऱ्या सात जणांना पळवण्यात आले, त्यांत तीन भारतीय होते. सहा आठवड्यांनी ते सुटले. भारत सरकारने नोकरीसाठी इराकला जाण्यावर बंदी घातली. तरी माणसे शेजारच्या देशांतून आत जात राहिली, कारण एजंटाला दिलेल्या पैशाचे व्याज घरी चढत होते. जून २०१४ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’ने मोसूल घेतले. त्या दिवसांत तिथे बांधकामावर असलेले ४० भारतीय मजूर पकडले गेले. बहुतेक पंजाबचे, काही हिमाचल, बिहार आणि बंगालचे. त्याच सुमारास तिक्रितच्या रुग्णालयातल्या ४६ भारतीय परिचारिका, बहुतेक केरळच्या, त्याच संघटनेच्या ताब्यात सापडल्या. त्यांनाही मोसूललाच नेण्यात आले. देश एक, महिना जवळजवळ एक, पकडणारे तेच. परिचारिका ५ जुलैला विमानाने कोचीला सुखरूप उतरल्या. मजुरांपैकी एक जण निसटून आला आणि बाकीचे मारले गेले, असे त्याने सांगितले. पुरावा नव्हता. ३९ घरांनी जवळजवळ चार वर्षे वाट पाहिली. मार्च २०१८ मध्ये परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी राज्यसभेत ते ३९ जण मृत झाल्याचे सांगितले. मोसूलजवळच्या बदुश इथल्या एका सामूहिक दफनभूमीतून काढलेल्या अवशेषांची नातेवाइकांच्या रक्ताशी तुलना करून ओळख पटवली होती.

‘इराक धोक्याचा देश’ हे वाक्य परिचारिकांनाही लागू होते आणि मजुरांनाही. त्या एका वाक्यातून पुढचे काही उमगत नाही. ज्या मुलीने शिक्षणाचे कर्ज काढले आहे, तिला तिथे मिळणाऱ्या पगाराने ते फिटते. ज्या मजुराने जमीन गहाण टाकून एजंटाचे तोंड बंद केले आहे, त्याला परतीचे तिकीट परवडत नाही. आपण त्यांना ‘‘कशाला गेलात?’’ विचारतो, तेव्हा त्यांचे उत्तर सावकाराच्या वहीत आधीच लिहिलेले असते.

आणि घरी वाट पाहणारे? मेल्याची बातमी आली तर रडता येते, सुतक पाळता येते, तेरावे करता येते. पळवलेल्या माणसाच्या घराला यातले काहीच करता येत नाही. सण आला की पुरण शिजवायचे की नाही? बायकोने मंगळसूत्राचे काय करायचे? फोन वाजला तर कोणी उचलायचा? या घरांची वेळ घड्याळाबाहेर पडते.

हे दुःख आमच्या पेठेला नवे नाही. पेठेचे नावच त्या दुःखातून आले आहे. ज्यांच्या नावाने ही पेठ माधवराव पेशव्यांच्या काळात वसली, ते सदाशिवरावभाऊ १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडले. तशी वार्ता पुण्याला आली. पण पार्वतीबाईंनी ती मानली नाही. भाऊ परत येतील, या विश्वासावर त्यांनी कुंकू पुसले नाही. पुढे ‘मीच भाऊ’ म्हणत एक तोतया उभा राहिला, त्याच्यामागे फौज जमली, किल्ले गेले आणि १७७६ साली त्याचा अंत झाला. इतिहासाच्या पुस्तकात हे ‘तोतयाचे बंड’ म्हणून येते. मला मात्र त्या बाईंची वर्षे दिसतात. बेपत्ता माणसाच्या घरी खोटी बातमीही आशेचे रूप घेऊन येते. मोसूलच्या वाटेवर डोळे लावून बसलेल्या पंजाबातल्या बायकांना ‘‘पाहिल्याचे कोणी सांगितले’’ असे निरोप येत राहिले, तेव्हा अडीचशे वर्षांत या दुःखाची तऱ्हा फारशी बदललेली नव्हती.

आता जरा दुसऱ्या बाजूने पाहू. आपण ज्याला-त्याला ‘धोक्याचा देश’ म्हणतो; आपल्याला कोणी तसे म्हणते की नाही? १३ फेब्रुवारी २०१० रोजी संध्याकाळी कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीत स्फोट झाला. १७ जणांचा जीव गेला, त्यांत परदेशीही होते. त्याआधी जेमतेम सव्वा वर्षापूर्वी मुंबईत २६ नोव्हेंबरचा हल्ला झाला होता. त्या दिवसांत तेहरानपासून बर्लिनपर्यंत कितीतरी घरांत पुणे हे नाव कपाळाला आठी घालून उच्चारले गेले असेल. कोण्या आईने आपल्या मुलाला फोन करून विचारले असेल, ‘‘शिकायला दुसरं गाव नव्हतं का रे? कशाला गेलास तिथे?’’ आपल्याला ते पटले असते काय? आपण म्हटले असते, अहो, पुणे म्हणजे काय तो एक कोपरा आहे? दुसऱ्या दिवशी सकाळी पेठेत दूध आले, वर्तमानपत्र आले, शाळांच्या रिक्षा आल्या. आपल्याला आपल्या गावातला धोका गल्लीगल्लीने माहीत असतो. दुसऱ्यांच्या गावाचे आपल्याला फक्त नाव माहीत असते.

पुण्याच्या ‘सरहद’ संस्थेने गेली वीसहून अधिक वर्षे काश्मीरमधली मुले शिक्षणासाठी पुण्यात आणली, त्यांत हिंसाचारात घरचे माणूस गमावलेली मुलेही होती. ती मुले प्रथम जम्मूला गाडीत बसली असतील, तेव्हा कुपवाड्यातल्या एखाद्या आईला शेजारणीने काय विचारले असेल, याचा अंदाज करा. दोन दिवसांचा प्रवास, भाषा वेगळी, माणसे वेगळी. ‘‘इतक्या लांब, परक्या मुलखात कशाला पाठवतेस?’’ त्या आईने पाठवले. कारण तिच्या हिशेबात न पाठवण्याची जोखीम मोठी होती.

याचा अर्थ धोका नसतोच, किंवा सूचनांकडे दुर्लक्ष करून कुठेही जावे, असा मुळीच नाही. परराष्ट्र खाते एखाद्या देशात जाऊ नका म्हणते तेव्हा त्याला कारण असते, आणि हौसेच्या सहलीला दुसरे ठिकाण मिळते. पण ज्याला जायचेच आहे, त्याच्या घरच्यांनी देशाचे नाव घेऊन काळजी करीत बसण्यापेक्षा चार गोष्टी पाहाव्यात. नोकरी देणारा एजंट नोंदणीकृत आहे का? १९८३ च्या कायद्याप्रमाणे तशी नोंदणी सक्तीची आहे. जाणारा दहावी झालेला नसेल, तर आखाती देश, इराक, येमेन, अफगाणिस्तान धरून १८ देशांत नोकरीला जाण्यापूर्वी सरकारची परवानगी लागते. ती टाळून ‘व्हिजिटवर जा, तिथे बघू’ म्हणणारा एजंट पहिल्याच दिवशी जामीनदाराला पळवून लावतो. करारात अपहरण, विमा, पार्थिव आणण्याचा खर्च यांबद्दल काय लिहिले आहे? विम्याच्या पॉलिसीत युद्ध आणि दंगल वगळली आहे का? तिथे पोहोचल्यावर आपल्या वकिलातीत नाव नोंदवले का? पासपोर्ट, व्हिसा, करार यांच्या प्रती घरी एका पाकिटात आहेत का? आणि ते पाकीट कुठे आहे, हे घरातल्या एकट्या कर्त्या पुरुषालाच नव्हे, सगळ्यांना माहीत आहे का? मी बँकेत पाहिले आहे, खाते एकाच्या नावावर असते आणि संकट सगळ्यांवर येते.

शेजाऱ्यांसाठीही काही सांगण्यासारखे आहे. ज्या घरातला माणूस अडकला आहे, त्या घरी जावे. फार बोलू नये. खंडणी किती मागितली, सरकार काय करते आहे, टीव्हीवर काय दाखवले, हे विचारू नये. बाहेर गेलेला एकेक आकडा पळवणाऱ्यांच्या कानी पोहोचू शकतो. बँकेत, कचेरीत, पोलीस ठाण्यात जायचे असेल तर बरोबर जावे, कारण अर्ज वाचताना त्या बाईला अक्षरे दिसत नसतात. मुलांना शाळेतून आणावे. पहिला आठवडा सगळे येतात. आपण तिसऱ्या महिन्यात जावे, आणि दुसऱ्या वर्षीही.

आणि ‘‘कशाला गेला होता तिथे?’’ हे ओठांवर आलेच, तर गिळून टाकावे. त्याचे उत्तर बहुतेक वेळा अगदी साधे असते. कामावर गेला होता. संध्याकाळी घरी यायचा होता.